तिसरा ठिपका

जळगाव,
२२ एप्रिल १९९७

प्रिय धनू,

हे पत्र एकटी बसून वाच. माझी पत्रं तू जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवतेस, सासूबाई मधे मधे 'पुन्हा वाच गं ते' म्हणतात, हे तूच मला सांगितलं आहेस. तुमच्या सावद्याच्या घरात माझ्या कालवणाला मीठ किती लागतं हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असणार. हे पत्र तसलं नाही. पुढच्या महिन्यात तू मुंबईला जाणार आहेस, पाठीचा डाग लेझरच्या मशीनने काढून घ्यायला. त्या डागाबद्दल मला तुला सांगायचंय. सोळा वर्षं सांगायचं राहून गेलं असं आधी लिहिलं होतं, तो कागद फाडला, कारण ते खोटं आहे. राहून गेलं नाही, मी राहू दिलं. तो डाग कशाने पडला ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि तो सगाईच्या पीठीने, त्या हळदीच्या उटण्याने, पडलेला नाही. तो मी पाडला.

आता कागद खाली ठेवू नकोस. शिव्या घालायच्या असतील तर शेवटी एकदम घाल, तोवर पुढे वाच. कारण यात तुझ्या औषधपाण्याचंही आहे आणि आणखी एका माणसाचंही आहे.

संक्रांतीनंतर तू आमच्या दवाखान्यात आलीस ते आठव. डॉक्टरांनी तुला पडद्याआड बसवलं आणि ब्लाउजचे हूक मी काढले. तू म्हणालीस, 'तू आहेस म्हणून आले गं लिला, नाहीतर परक्या पुरुषाला पाठ दाखवायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.' आणि हसलीस. मी बारा वर्षं कातडीच्या दवाखान्यात काढली आहेत. कोड, गजकर्ण, नायटे, वांग, काही पाहिलं तरी माझा चेहरा हलत नाही, डॉक्टर त्यासाठी माझं कौतुक करतात. पण तुझी पाठ मी तुझ्या सगाईनंतर पाहिलीच नव्हती. मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढा डाग. फार पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा काळपट आणि कडेला खरखरीत. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तू म्हणालीस, सगाईपासून. कशाने झालं? तू म्हणालीस, पीठी लावली होती, त्यात काहीतरी होतं. कोणी लावली होती ते मात्र सांगितलं नाहीस. 'घरातल्या एका बाईने,' एवढंच म्हणालीस. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, मी माझ्या हाताने केसपेपरवर लिहिलं, 'सोळा वर्षांपूर्वी, हळदीचे उटणे लावल्यानंतर.' अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

मग तू पोरीचं सांगितलंस. तेरा वर्षांची पोर न्हाणीघराच्या दारातून बघते आणि विचारते, 'मम्मी, तुझ्या पाठीवर काय सांडलं?' तू तिला काय उत्तर दिलंस ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. सोळा वर्षं तू कोणाकडे पाठ करून बसली नाहीस. लग्नाच्या पंगतीत भिंत बघून बसतेस, उन्हाळ्यातसुद्धा गळाबंद ब्लाउज, वर दोन्ही खांद्यांवर पदर. डॉक्टर म्हणाले की रंग खोल गेलाय, मलमाने हलायचा नाही, पण मुंबईत आता मशीन आलंय, त्याचा उजेड नेमका रंगाला फोडतो, चार-पाच वेळा जावं लागेल. तू माझ्याकडे वळलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते. मी तुझा हात दाबला. आणि खरं सांगते, त्या वेळी तुझ्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. मनात आलं, चला, डाग जाईल. डाग गेला की कशाने पडला होता हे कोण विचारतंय? घरी जाऊन मी शिरा केला. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून आले, म्हणाले, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, रवा उरला होता. दोन घास खाल्ले आणि मला माझीच किळस आली, ताट तसंच ठेवून उठले.

आता जरा धुळ्याला ये. पाचव्या गल्लीत खाली तुमचं किराणा दुकान, वर घर, आणि गल्लीच्या टोकाला, नळाचं पाणी वाहून जिथे बारा महिने चिखल असायचा, तिथे आमचं परटाचं घर. चंपालालशेठची मुलगी आणि यादव परटाची मुलगी एका बाकावर बसतात याचं मास्तरांना नवल आणि तुझ्या आईला काळजी. गुलाबभुवाला यातलं काहीच नव्हतं. ती तुझ्या वडिलांची थोरली बहीण, एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली. तुझी आई सदा अंथरुणाला, त्यामुळे तुला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, वेणीफणी, सगळं तिच्याकडे. तुझी वेणी झाली की ती मलाही समोर बसवायची. हात इतका हलका की वेणी कधी झाली ते कळायचं नाही. माझी आई वेणी घालायची तेव्हा दोन दिवस डोकं दुखायचं, म्हणून मी शाळेत मुद्दाम विस्कटलेली यायचे, हे तुला आज कळतंय.

आम्हा परटांना घरं गाठोड्यावरून कळतात. कोणाच्या घरी आजारपण लपवलंय, कोण जेवून धोतराला हात पुसतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं आम्हाला दिसतं आणि बाहेर बोलायचं नाही हा धंद्याचा नियम. एवढ्या घरांचे कपडे एका भट्टीत उकळायचे म्हणजे प्रत्येकाला खूण लागते. माझ्या वडिलांना, नानांना, अक्षर येत नव्हतं, पण दीडशे घरांच्या खुणा डोक्यात होत्या. तुमच्या घराची खूण दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. खूण काढायची बिब्ब्याने. तुमच्या दुकानात बिब्ब्याचं पोतं असायचं, तू ते ओलांडून यायची-जायचीस, पण त्याचं काम आमच्याकडे. सुईने टोचायचा, दिव्यावर धरायचा, की काळं चिकट तेल सुटतं. त्या तेलाची खूण कपड्यावर उमटली की मग भट्टीत उकळा नाहीतर दगडावर आपटा, कापड फाटेल, खूण हलणार नाही. फक्त एक करायचं, काढल्याबरोबर वर ओला चुना लावायचा. चुन्याने तेल मरतं आणि अंगाला लागत नाही. चुना नाही लावला तर ते कातडी जाळतं. मी आठ वर्षांची असताना नानांनी सुई माझ्या हातात दिली आणि सांगितलं, 'बिब्बा म्हंजे इस्तो शे पोरी. चुना लावाबिगर कपडा सोडानं नही.' विस्तवाशी गाठ आहे हे मला तेव्हापासून पाठ होतं. म्हणजे पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

आपण सतरा वर्षांच्या असताना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तुझी सगाई ठरली. सावद्याचे लोक, केळीचे मोठे व्यापारी, मुलगा दिसायला बरा. तू मला शाळेच्या जिन्यावर सांगितलंस आणि मी तुला मिठी मारली. मिठी खरी होती. पण घरी येईपर्यंत मला तुझा राग आला होता. तू जाणार आणि मी त्याच चिखलात, त्याच भट्टीपाशी राहणार, याचा. त्या आठवड्यात तू सगळ्या मैत्रिणींना साड्या दाखवायला वर बोलावलंस, मला नाही. पाहुणे आलेत, परटाच्या पोरीला वर आणू नको, असं तुझ्या आईने सांगितलं होतं आणि तू ऐकलंस. हे मी मुद्दाम लिहितेय, मला उगाच साळसूद व्हायचं नाही आणि तुझ्यावर ढकलायचंही नाही. सतरा वर्षांची मुलगी आईचं ऐकणार नाही तर कोणाचं ऐकेल?

सगाईच्या आदल्या दिवशी तुझा ब्लाउज आमच्याकडे आला, नुसत्या इस्त्रीला. राणी रंगाचं रेशीम, शिंप्याकडून थेट. इस्त्रीच्या कपड्याला खूण घालायची नसते, हे परटाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. नाना पांझरा नदीवर धुवायला गेले होते, घरात मी एकटी. मी ब्लाउज उलटा केला आणि पाठीच्या आतल्या बाजूने, गळ्याच्या खाली, तुमची खूण काढली. दोन ठिपके, एक रेघ. आणि पुढे एक तिसरा ठिपका, जरा मोठा. तो माझा. म्हटलं, ही शेठाणी होईल, आम्हाला विसरेल, पण माझा एक ठिपका हिच्या पाठीशी कायम राहील. त्यात माया किती होती आणि आकस किती, मला आजही निवडता येत नाही. ऐन सगाईच्या ब्लाउजवर परटाची खूण दिसली की तुझी आई कशी फणफणेल, याचीही थोडी मजा वाटली होती.

चुना हाताशी होता, डबी समोरच होती. मी लावला नाही. रेशमावर चुन्याचा पांढरा चट्टा उठतो, वरून दिसला असता आणि माझी चोरी पकडली गेली असती. वाटलं, गरम इस्त्री फिरवली की तेल आपोआप वाळून जाईल. कोळशाची इस्त्री होती, चांगली तापलेली. गरम झालं की ते तेल वाळत नाही, पातळ होऊन पसरतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. पण चोरी करताना माणसाला त्याच्या सोयीचंच आठवतं. मी घडी घातली, पेपरात गुंडाळली आणि तुमच्या जिन्याशी स्वतः नेऊन दिली. गुलाबभुवाने ती माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, उद्या जेवायला ये, मागच्या दाराने ये पण ये.

सगाईच्या सकाळी पीठी लावायची होती. विधवेने असल्या कामाला हात लावायचा नसतो, तुझ्या काकूने तसं बोलूनही दाखवलं. पण तू हटून बसलीस की भुवाच लावेल, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. भुवा नको नको म्हणत होती. शेवटी तुझ्या हट्टापुढे तिचं काही चाललं नाही. मग तू तो ब्लाउज घालून दिवसभर बसलीस, वैशाखाच्या उन्हात, पत्र्याच्या मांडवात, घामाने चिंब. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी पाठभर पाण्याचे फोड, चौथ्या दिवशी ताप. तुझ्या काकूने भुवाकडे बोट दाखवलं आणि ते सगळ्यांना पटलं, कारण पटायला सोपं होतं. हिला स्वतःला मिळालं नाही, म्हणून पोरीचं बघवलं नाही. पीठीत काहीतरी कालवलं. दुकानातल्या पोत्यातला बिब्बाच कालवला असेल, असंसुद्धा कोणीतरी म्हणालं. आपल्याकडे चांगल्या कामात बिब्बा घातला असं लोक सहज बोलून जातात. मी तो खरोखरचा घातला होता आणि नाव तिचं झालं. भुवा तुमच्या देवघरासमोर उभं राहून शपथा घेत होती, तिचा आवाज आमच्या भट्टीपर्यंत यायचा. मी कपड्यांना खळ लावत बसायचे.

आठ दिवसांनी तो ब्लाउज धुवायला आला. फोडांचं पाणी लागून पाठ कडक झाली होती. उलटून पाहिलं तर माझा ठिपका रुपयाएवढा पसरलेला, कडा तेलकट. तोवर मी मनाची समजूत घातली होती की असेल बाई पीठीतच काही. त्या दिवशी ती समजूत गेली. धनू, सांगायची वेळ ती होती. तुमचा जिना चाळीस पावलांवर होता आणि भुवा अजून त्या घरात होती. मी काय केलं? मी इस्त्री तापवली आणि नेमकी त्या जागेवर ठेवून दिली, जळका वास येईपर्यंत. भोक पडलं. नानांना म्हटलं, चुकून राहिली. तीस वर्षांत नानांच्या हातून एक कपडा जळला नव्हता. ते ब्लाउज घेऊन तुमच्या दुकानात गेले, टोपी काढून चंपालालशेठसमोर उभे राहिले. शेठ म्हणाले, 'जाऊ दे यादव, अपशकुनी कपडा होता, जळाला ते बरं झालं.' नाना घरी आले, माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर बिब्ब्याची सुई त्यांनी मला कधी दिली नाही. पुढच्या वर्षी मला नर्सिंगला घातलं. गल्लीत कौतुक झालं की परटाने पोरीला शिकवलं. मला वाटतं, मी कपड्यांपासून लांब जावं एवढंच त्यांना हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. सावद्याच्या लोकांनी महारोग नसल्याची डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, लग्न ठेवलं, आणि एक अट घातली की ती बाई घरात नको. भुवाला बोदवडला पोचवलं, तुमच्या लांबच्या नात्यातल्या अमृतलालांच्या दुकानामागच्या खोलीत. ती टांग्यात बसली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती, मीही होते. तिने जाता जाता माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. तू वरच्या खिडकीत होतीस. तिने वर पाहिलं आणि तू खिडकी लावून घेतलीस. मी तुला दोष देत नाही. तुझी पाठ सोललेली होती, आणि ज्या बाईवर तुझा सगळ्यात जास्त जीव तिनेच हे केलं असं तुला वाटत होतं. ते मी वाटू दिलं.

त्यानंतर न सांगायला एकेक कारण मिळत गेलं. नाना आहेत तोवर नको, धुण्याची घरं तुटतील. तुझं नवं लग्न आहे, नको. बाळंतपण आहे, नको. मग नाना गेले, तेव्हा वाटलं की इतक्या वर्षांनी उकरून कोणाचं भलं होणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावायचे. तू मात्र दर आखाजीला, दर दिवाळीला पत्र लिहायचीस, 'एक तूच माझी' असं शेवटी. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. पुन्हा काढून वाचायची हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये तू परत दवाखान्यात आलीस, पाठ खाजते म्हणून. दर उन्हाळ्यात असंच होतं गं, म्हणालीस. तू काढून दिलेला ब्लाउज मी खुंटीला अडकवत होते, हाताच्या सवयीने आतून पाहिला. गळपट्टीवर तुमच्या सावद्याच्या परटाची खूण, छोटी फुली. चुना लावून नीट पक्की केलेली, त्या माणसाची काही चूक नाही. पण एकदा ज्या कातडीला बिब्बा असा लागला, तिला पुढे त्याचा नखभर अंशही सोसत नाही. म्हणजे तो डाग सोळा वर्षं जुना नव्हता, दर धुण्याला नवा होत होता. दुसऱ्या कोणाच्या नाही, माझ्या एका वाक्याने तो थांबला असता. आणि हे तसंच ठेवून तू लेझर करून घेतलंस, तर तापलेल्या कातडीला पुन्हा तेच लागून डाग आधीपेक्षा काळा होऊन परत येईल. एवढं कळूनसुद्धा मी त्या दिवशी तुला ब्लाउज घातला, हूक लावले आणि रिक्षापर्यंत सोडायला आले. अशी आहे मी.

काल, सोमवारी, शेवटी डॉक्टरांना सांगितलं. केसपेपर पुढे ठेवला, आधीची ओळ खोडली आणि खाली खरं लिहिलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, 'सिस्टर, पेशंट खोटं बोलतात ते मी समजू शकतो.' कामावर ठेवतील की नाही ते महिनाअखेरीला कळेल, काढलं तर त्यांचं चुकणार नाही. तुझ्यासाठी त्यांनी सांगितलंय ते नीट वाच. मुंबईची तारीख पुढे ढकल. सहा महिने परटाची खूण असलेला एकही कपडा अंगाला लावायचा नाही, चादर-टॉवेलसुद्धा नाही. कपडे घरीच धुवून घे, जुन्यांच्या खुणा कापून टाक. मलमाची चिठ्ठी सोबत आहे. डाग बराचसा आपोआप फिका पडेल असं त्यांना वाटतं, उरेल तेवढ्याला मग मशीन. पोरीने पुन्हा विचारलं, तर काय सांडलं होतं आणि कोणी सांडलं होतं ते तिला माझ्या नावानिशी सांग.

एवढंच असतं तर मी नुसती चिठ्ठी पाठवली असती, पत्र लिहायची माझी छाती झाली नसती. पण डॉक्टरांना सांगायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी पॅसेंजरने बोदवडला गेले होते. भुवा आता पासष्टीच्या पुढे आहे. त्याच खोलीत राहते, दुकानासाठी डाळ-दाणे निवडते. घरातली लहान पोरं तिच्याभोवती खेळतात, पण गोळी द्यायची झाली तरी ती पाटावर ठेवते, त्यांच्या हातावर देत नाही. कोणी पाया पडायला वाकलं की हात पदरात ओढून घेते. मी वाकले तेव्हाही तसंच केलं. मी तिला सगळं सांगितलं, ठिपका, चुना, जळका ब्लाउज, काही ठेवलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, 'लिला, तू नर्स झालीस, दुसऱ्याचं मन राखायला शिकलीस. पण माझ्यासाठी खोटं नको बोलू बेटा.' तिला पटलंच नाही गं. लोकांनी तिच्यावर घातलेलं तिने सोळा वर्षांत खरं मानून टाकलंय. मग तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले आणि विचारलं, 'धनूचं मशीनने काढणार म्हणतेस, तर त्या मशीनने हातातलंपण निघतं का?' माझं ती कधीच खरं मानणार नाही, तुझं मानेल, म्हणून हे पत्र. मला माफ करू नकोस, पुन्हा लिहू नकोस, तुमच्या घरात माझं नाव निघालं नाही तरी चालेल. पण आखाजीला माहेरी धुळ्याला जायला निघशील तेव्हा आधी बोदवडला जा. तिला काही समजावू नकोस, समजावून ती ऐकायची नाही. तिच्यासमोर पाठ करून बस, पदर खाली घे आणि सांग, भुवा, खाजतंय, जरा हात फिरव. ती नाही म्हणेल. हात पदरात घेईल, रडेल, कदाचित उठून बाहेरही जाईल. तू उठू नकोस.

तुझीच,
लिला